घाडीमामांचं प्रकाशनाधीन पुस्तक

घाडीमामा पुस्तक हातात देण्याआधी त्याचा वास घ्यायचे. आपण काउंटरवर चिठ्ठी सरकवायची, मामा आत जाऊन पुस्तक आणायचे, ते बरोबर मधोमध उघडायचे, त्यात नाक खुपसून डोळे मिटायचे आणि मग म्हणायचे, "हां, घे." कधी मात्र मान हलायची. "ह्या आज नाय. ह्येका दोन दिस वारो लागूक होयो." की पुस्तक परत आत, पंख्याखाली. आपली परीक्षा उद्या असली तरी मामांना त्याचं काही नसायचं. पहिल्या वर्षाला असताना मी एकदा वैतागून म्हटलं, "मामा, मला वाचायचंय ते, खायचं नाहीये!" तर म्हणाले, "तू नाय गो खाणार. पण दुसरी कोण आधीच जेवायला बसली असेल तर?"

दुसरी म्हणजे वाळवी. मुलुंडच्या आमच्या कॉलेजची लायब्ररी तळमजल्यावर, मागच्या भिंतीला कायमची ओल, आणि मामांचं सगळं आयुष्य त्या भिंतीशी भांडण्यात गेलं. लायब्ररी अटेंडंट हे त्यांच्या हुद्द्याचं नाव. काम म्हणजे पुस्तकं काढणं, लावणं, धूळ झटकणं, आणि कॉलेजात कुठलीही मीटिंग असली की चहा नेणं. सखाराम घाडी, राहणार भांडुप, डोंगरावरची चाळ. वडील लालबागला गिरणीत होते, गिरणी गेली तसं बिऱ्हाड भांडुपला आलं. मामांचा चष्मा पुस्तकं शिवायच्या पांढऱ्या दोऱ्याने गळ्यात बांधलेला असायचा. प्राध्यापकांशी ते अगदी नीट, पुस्तकातलं मराठी बोलायचे. माझं माहेर कणकवलीकडचं, हे त्यांना पहिल्याच महिन्यात कळलं होतं, त्यामुळे मला मात्र मालवणीतच ऐकून घ्यावं लागायचं. पुढे मी त्याच कॉलेजात समाजशास्त्र शिकवायला लागले, तरी त्यात फरक पडला नाही. चारचौघांत "मॅडम", आणि कोणी नसलं की "खंय उंडारतंस गो?"

आमच्याकडे ग्रंथपालाची जागा कित्येक वर्षं रिकामीच होती. अशात एकदा वरून फर्मान आलं, की यापुढे सगळ्या संशोधकांनी संदर्भांसाठी सॉफ्टवेअर वापरायचं. ज्यांनी ही भानगड पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तुम्ही वाचलेल्या प्रत्येक पुस्तकाची माहिती, म्हणजे लेखक, नाव, वर्ष, प्रकाशक, एकदा त्यात भरून ठेवायची. मग प्रबंध लिहिताना एक बटण दाबलं की शेवटची संदर्भसूची आपोआप तयार. स्वल्पविराम कुठे, कंस कुठे, कुठलं नाव आधी, सगळं ते बघणार. हे शिकवायला एक जण आला. आम्ही प्राध्यापक मंडळी समोसे खाऊन, "वा, झकास आहे हो," म्हणून पांगलो. शेवटपर्यंत थांबले ते घाडीमामा, रिकामे कप गोळा करायच्या निमित्ताने.

दुसऱ्या दिवशी मला म्हणाले, "काल त्येनी शिकयला ता परत दाखव बघू."

मला कुठलं येतंय! मी म्हटलं, "मामा, मीच विसरले."

"मग पीएचडी कशी करतलंस?" असं म्हणून त्यांनी खुर्ची ओढली आणि स्वतःच सुरू केलं. महिन्याभरात दहावी पास घाडीमामा त्या सॉफ्टवेअरचे अख्ख्या कॉलेजातले एकमेव जाणकार होऊन बसले. आमच्या मराठी याद्यांत दोन लेखकांच्या मध्ये ते मधूनच इंग्रजी 'अँड' घुसडायचं. तेसुद्धा मामांनी कुठूनशी सेटिंग शोधून बंद केलं आणि तिथे 'व' आणून बसवला. त्या दिवशी त्यांनी मला मुद्दाम स्टाफरूममधून बोलावून घेऊन तो 'व' दाखवला होता.

सॉफ्टवेअरला ते आंधळा कारकून म्हणायचे. "हुशार आसा. अक्षर चांगला, कामाक वाघ. पण आंधळो. तुम्ही सांगशाल ता लिवतलो. पुस्तक जगात आसा की नाय, ह्येका काय म्हायत?" म्हणून त्यांनी स्वतःचा कायदा केला होता: पुस्तक हातात, मग नाव यादीत. पुस्तक आमच्या लायब्ररीतलं असेल तर ते उठून कपाटापर्यंत जायचे, आणायचे, वास घ्यायचे, पहिलं पान उघडायचे आणि मगच टाइप करायचे. बाहेरचं असेल तर पहिल्या पानाचा झेरॉक्स आणा. वाणिज्यच्या एका सरांनी एकदा दरडावलं, "मामा, टाका हो! मी सांगतोय ना, आहे ते पुस्तक."

मामा हात जोडून म्हणाले, "सर, तुमच्यावर अविश्वास नाही. पण मुलगी बघितल्याशिवाय लग्नपत्रिका छापता काय?"

सर बडबडत गेले आणि तिसऱ्या दिवशी झेरॉक्स घेऊन आले.

शिकवायची त्यांची एक पद्धत होती, आणि पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं. नवीन माणसाला दाखवताना ते खऱ्या पुस्तकावर सराव करू द्यायचे नाहीत. "शिकताना चुकणार. दुसऱ्याच्या नावाशी खेळ नको. माझ्या नावाचा काय, कसाही लिवा." म्हणून सरावासाठी त्यांनी एक पुस्तक जन्माला घातलं होतं. लेखक: घाडी, सखाराम. नाव: ग्रंथालयातील वाळवी : ओळख व उपाय. गाव मुलुंड, प्रकाशक स्वतः. आणि वर्षाच्या जागी 'प्रकाशनाधीन'. म्हणजे अजून छापून व्हायचं आहे असं पुस्तक कसं नोंदवतात, तेही शिकवून व्हायचं. तास संपला की मामा ती नोंद पुसून टाकायचे. न चुकता. फळा पुसावा तशी.

मामा मला शिकवत असताना मधेच प्राचार्यांच्या चहाचं बोलावणं आलं, म्हणून ते उठून गेले. मी म्हटलं, कशाला परत येऊन बसा, आणि तोपर्यंत झालेली अख्खी फाईल पेनड्राइव्हवर उचलली. घाडी, सखाराम यांच्यासकट. मामांनी नंतर येऊन आपल्याकडची नोंद पुसली असणार. माझ्याकडची राहिली. आणि मी इतकी दानशूर, की ज्याने मागितली त्याला ती फाईल दिली. "घे रे, तयार आहे सगळं, पहिल्यापासून कुठे भरत बसतोस." माझी पीएचडी नऊ वर्षं रखडली. मुलगा झाला, सासूबाईंचं आजारपण झालं, माझा आळस तर बारमाही. मधल्या काळात माझी फाईल घेऊन गेलेले लोक डॉक्टर होऊन पेढेसुद्धा वाटून मोकळे झाले.

शेवटी माझाही प्रबंध झाला. उपनगरांतली कोकणी ग्रामस्थ मंडळं हा विषय. एकेका गावच्या लोकांनी मुंबईत काढलेली मंडळं, त्यांच्या खोल्या, त्यांची भांडणं. चार वर्षं मी भांडुप, घाटकोपर, अंधेरी पालथी घातली होती आणि काम वाईट नव्हतं, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगेन. पण सादर करायच्या दोन दिवस आधी माझे गाईड शेवटची पानं चाळून म्हणाले, "संदर्भसूची किरकोळ वाटते हो. जरा भरगच्च दिसायला हवी."

घरी येऊन मी काय केलं, तर सॉफ्टवेअरमधली यच्चयावत पुस्तकं एका फटक्यात निवडली आणि बटण दाबलं. वाचलेली, चाळलेली, कधीतरी वाचू म्हणून टाकून ठेवलेली, सगळी. आठ पानांची सूची एकोणीस पानांची झाली. काय देखणी दिसत होती म्हणून सांगू! नेमके मामा तेव्हा गावच्या जत्रेला गेले होते. ते असते तर त्यांनी ती एकोणीस पानं माझ्याच डोक्यात घातली असती. आणि खोटं कशाला बोलू, ते नाहीत याचं मला बरंच वाटलं होतं.

तोंडी परीक्षा आमच्याच कॉलेजात होती. कोणीही येऊन बसावं अशी खुली, लायब्ररीच्याच वाचनकक्षात. मामा त्या दिवशी कडक इस्त्रीचा शर्ट घालून आले. मामींनी माझ्यासाठी केसांत माळायला अबोलीचा वळेसर पाठवला होता. तो माझ्या हातात देऊन म्हणाले, "आज तू डॉक्टर होतलंस. चाय मी स्वतः आणतंय, कँटीनच्या पोरांका नाय सांगूचंय."

बाहेरगावहून आलेल्या परीक्षक बाई साठीच्या घरातल्या, शांत. दीड तास त्यांनी प्रश्न विचारले आणि मी खरंच चांगली उत्तरं दिली. माझे गाईड खुर्चीत सैलावून बसले. आता चहा आणि अभिनंदन एवढंच उरलं होतं. बाईंनी सहज शेवटची पानं उघडली.

"हे एक बघा," त्या म्हणाल्या. "ग्रंथालयातील वाळवी. ग्रामस्थ मंडळांच्या अभ्यासात हे कसं काय आलं?"

घाडी, सखाराम! नऊ वर्षांनी ते नाव माझ्यासमोर उभं होतं, तेही छापील.

बाई रागावल्या नव्हत्या. उलट पुढे वाकून म्हणाल्या, "नाही, मला हवंच आहे हो हे. आमच्या विभागाच्या लायब्ररीत वाळवीने नुसता उच्छाद मांडलाय. 'प्रकाशनाधीन' लिहिलंय, एव्हाना आलं असेल ना? कुठे मिळेल?"

आता बघा, तेव्हाच खरं सांगितलं असतं तर हसण्यावारी गेलं असतं. पण नऊ वर्षं डोळ्यांपुढे नाचायला लागली, आणि मी म्हटलं, "मॅडम, मिळवून देते ना. माझ्याकडे असेल प्रत."

दारात चहाचा ट्रे घेऊन मामा उभे होते. ते सावकाश आत आले, ट्रे टेबलावर ठेवला आणि त्यांच्या नीट, पुस्तकातल्या मराठीत म्हणाले, "नाही मिळणार, मॅडम. असं पुस्तकच नाही."

बाईंनी चष्मा वर सरकवला. "तुम्हाला काय माहीत?"

"लेखक मी आहे," मामा म्हणाले.

खोलीत वीसेक माणसं होती. कोणी हसलंसुद्धा नाही. मामांनी हात पुसले आणि सरावाच्या नोंदीची सगळी हकीकत सांगितली. शेवटी म्हणाले, "शिकवून झाल्यावर ती नोंद मी पुसायला हवी होती. विसरलो. दोष माझा आहे, मॅडमचा नाही. त्यांची चार वर्षांची मेहनत आहे."

विसरलो! घाडीमामा आणि विसरले! पस्तीस वर्षांत ज्यांनी एक पुस्तक चुकीच्या खणात ठेवलं नव्हतं, ते माझ्यासाठी वीस माणसांसमोर खोटं बोलत होते. ते मात्र मला सहन झालं नाही. मी उभी राहिले. म्हटलं, "मामा विसरले नव्हते. त्यांनी पुसायच्या आधी मी फाईल उचलली. आणि ती सूची मी फुगवली आहे. त्यातली निम्मीअधिक पुस्तकं मी वाचलेली नाहीत." गाईडसरांनी कपाळाला हात लावला.

आम्हाला बाहेर जायला सांगितलं. आत परीक्षक, आणि पॅसेजमध्ये पाण्याच्या कूलरजवळ आम्ही दोघं. मीच म्हटलं, "मामा, तुम्ही कशाला अंगावर घेतलंत?"

तेव्हा ते माझ्यावर एकदाच, आयुष्यात एकदाच ओरडले. "आणि तू कित्याक बोललंस, प्रत आसा म्हणान? माझ्या नावार खोटा बोललंस तू! माझा नाव कधी खंय छापून इला नाय. पयल्यांदा इला, ता असा?"

मला रडू कोसळलं. तसे ते विरघळले. खिशातून घडी केलेला रुमाल काढून दिला आणि म्हणाले, "गप रव. एक खोटा तू बोललंस, एक मी बोललंय. फिटंफाट." मग थोड्या वेळाने, "पण बाईंक वाळवीचो त्रास आसा, ह्या खरा दिसता."

अर्ध्या तासाने आत बोलावलं. बाई म्हणाल्या, प्रबंध चांगला आहे, सूची लाजिरवाणी आहे. एक महिन्याची मुदत, नवी सूची, आणि तोवर पदवी अडकवून ठेवलेली. माझी वाट लागायची ती तिथेच लागली असती, पण बाई समजूतदार निघाल्या. जाताना दारात थांबून मामांना म्हणाल्या, "तुमचं पुस्तक झालं की मला कळवा." मामा जागच्या जागी ताठ उभे राहिले, हात शिवणीला लावून, शाळेत बक्षीस घेणाऱ्या मुलासारखे.

त्या महिन्यात मामा माझे गाईड होते. रोज दुपारी तीनला लायब्ररीत बसायचं. मी एकेक नाव वाचायचं, मामा विचारणार, "बघलंस?" हो म्हटलं तर, "दाखव. खंयच्या पानार?" पुस्तक समोर यायचं, पान उघडायचं, मग खूण. नाही म्हटलं की सरळ काट. कधी मी घुटमळले, की "चाळलंय, मामा," तर म्हणायचे, "जेवलंस की ताट बघलंस?" बारा पुस्तकं तर मी त्या महिन्यात नव्याने वाचली, कारण ती काढून टाकायला जीव होईना. शेवटी सूची झाली नऊ पानांची. बटण मामांनी दाबलं. मला पदवी मिळाली, आणि पेढ्यांचा पहिला पुडा घेऊन मी भांडुपचा डोंगर चढले.

मामा खूश होते, पण त्यांचं लक्ष नव्हतं. पेढा हातात तसाच धरून म्हणाले, "कपाटात अजून पाच आसत."

माझी फाईल घेऊन डॉक्टर झालेल्या लोकांचे प्रबंध! मामांनी सगळे उघडून पाहिले होते. पाच प्रबंधांत घाडी, सखाराम ठाण मांडून बसले होते. वाणिज्यच्या त्या झेरॉक्सवाल्या सरांचा प्रबंध तर इंग्रजीत होता. त्यात सगळ्या इंग्रजी नावांच्या शेवटी हे एकच मराठी पुस्तक, लग्नातल्या चुकून आलेल्या पाहुण्यासारखं, आणि कोणाच्याही ते नजरेला आलं नव्हतं. मला हसू फुटलं. मामांना नाही.

"मी गेल्यार पण ती पुस्तकां रवतली," ते म्हणाले. "कोण तरी उघडतलो, सखाराम घाडीचा पुस्तक शोधीत माझ्याच लायब्ररीत येतलो. आणि ता नसतला."

मी म्हटलं, "मामा, एक रेघ मारून टाका त्या ओळीवर. कोणाला कळतंय!"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी डॉक्टर झालेय हे विसरले. पुस्तकात पेनाने रेघ मारणाऱ्या पोरांना त्यांनी जन्मभर पळवून लावलं होतं. मंजूर झालेल्या प्रबंधावर ते स्वतः रेघ मारतील? शक्यच नव्हतं. त्यांची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती. पाच प्रबंध कपाटात, प्रत्येकात एक खोटी ओळ, आणि प्रत्येक ओळीत त्यांचं नाव. मामांची झोप उडाली होती ती याने. आपण काही चूक केलेली नाही, हे त्यांना पटवायचा मी खूप प्रयत्न केला. पण नाव त्यांचं होतं, माझं नव्हतं.

महिनाभराने त्यांनी मला हाक मारली. समोर दोनशे पानी वही. पहिल्या पानावर ठसठशीत, मोत्यासारखं अक्षर: ग्रंथालयातील वाळवी : ओळख व उपाय.

"प्रकाशनाधीन म्हणान लिवलेला आसा ना?" मामा म्हणाले. "मगे प्रकाशित करूक होया."

दीड वर्ष ते पुस्तक चाललं. लायब्ररी बंद झाली की अर्धा तास, रोज. कपाट भिंतीपासून वीतभर लांब का हवं. लाकडावर बोटाने टिचकी मारली की पोकळ आवाज कसा येतो. वाळवीची मातीची नळी भिंतीवर कुठून कुठे जाते. भिजलेली पुस्तकं उन्हात का टाकायची नाहीत, सावलीत पंख्याखाली का ठेवायची. एक अख्खं प्रकरण वासावर: चांगल्या जुन्या पुस्तकाचा वास, ओल धरलेल्या पुस्तकाचा वास, आणि वाळवी लागलेल्या पुस्तकाचा ओल्या मातीसारखा वास. मी टाइप करत गेले. कुठे भाषा सजवायला गेले की ओरडायचे, "ह्या मी बोललंय? मगे काढ." आणि शेवटच्या पानावर संदर्भसूची. त्यात फक्त तीन पुस्तकं. मी म्हटलं, "मामा, तीनच? किरकोळ वाटते हो."

"तीनच वाचलीत," मामा म्हणाले. "बाकीचा भिंतीन शिकयला."

घाटकोपरच्या एका छोट्या प्रेसमध्ये ते छापलं. अठ्ठेचाळीस पानं, हिरवं कव्हर. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात मामा पिशवी घेऊन लायब्ररीत आले. मी धावत संगणकाशी बसले, इतकी वर्षं जपलेली ती नोंद उघडली, 'प्रकाशनाधीन' पुसलं आणि वर्ष टाइप करायला लागले. मला सगळं पाठ होतं.

"थांब," मामा पाठीमागून म्हणाले. "पुस्तक खंय आसा?"

"मामा, आहे की तुमच्या पिशवीत!"

"माझ्या पिशवीत. तुझ्या हातात आसा?"

मी हात पुढे केला. त्यांनी पिशवीतून एक प्रत काढली, मधोमध उघडली, नाक खुपसून डोळे मिटले. खूप वेळ मिटले. नवीन शाईचा वास होता, दुसरं काय असणार. मग म्हणाले, "हां. घे." मी पहिलं पान उघडलं, बघून बघून एकेक अक्षर टाइप केलं, आणि टाइप करताना मला समोरचं नीट दिसत नव्हतं. एक प्रत त्यांनी त्याच दिवशी लायब्ररीच्या रजिस्टरात चढवली, शिक्का मारला, आणि स्वतः नेऊन कपाटात लावली. दुसरी परीक्षक बाईंना पाठवली. बाईंचा पंधरा दिवसांनी फोन आला, की लेखकाला सांगा, आम्ही सगळी कपाटं भिंतीपासून सरकवली आहेत. लेखकाला! मामांनी तो निरोप मला तीनदा सांगायला लावला.

निवृत्तीनंतर ते गावी गेले. तिथल्या शाळेची पुस्तकं बघायचे म्हणे, वास घेऊन. पुढच्याच वर्षी गेले. दुपारी जेवून पडवीत पडले ते उठलेच नाहीत. मामींनी फोनवर सांगितलं, उशाशी ते हिरवं पुस्तक होतं. मला त्या दिवशी वर्गावर जाता आलं नाही. लायब्ररीत जाऊन बसले, तर नवीन अटेंडंटने मला पुस्तक दिलं, वास न घेता. मी ते परत त्याच्या हातात दिलं आणि म्हटलं, आधी उघडून बघ.

आता संदर्भांचं सॉफ्टवेअर मी शिकवते. मुलं माझ्याहून हुशार, फोनवरून चुटकीसरशी शंभर संदर्भ गोळा करतात. सरावाला मी पहिलं पुस्तक देते ते मामांचंच. मात्र नाव फळ्यावर लिहिते आणि माहिती काही सांगत नाही. या जुलैत एका मुलीने बसल्या जागी मान वर केली.

"मॅम, हे ऑनलाइन कुठेच नाहीये. हे घाडी सर कोण? आपल्या कॉलेजचे होते का?"

"हो, आपलेच," मी म्हटलं.

"कुठल्या डिपार्टमेंटला?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. सांगायला सुरुवात करणार होते, पण थांबले.

"कपाट नंबर सात, खालून दुसरा खण," मी म्हटलं. "आधी जा, पुस्तक हातात घेऊन ये. मग सांगते."